परीक्षा देऊन कॅल्क्युलसचे क्रेडिट मिळवावे का?

कोथरूडमधील पालक:
नमस्कार. माझ्या मुलीने यंदा राज्य मंडळाची बारावी विज्ञान शाखेतून दिली असून ऑगस्टमध्ये ती अमेरिकेतील एका सरकारी विद्यापीठात अभियांत्रिकीच्या पहिल्या वर्षाला जाणार आहे. तिथे वर्गात न बसता थेट परीक्षा देऊन एखाद्या विषयाचे क्रेडिट (पदवीसाठी मोजले जाणारे श्रेयांक) मिळवता येते, असे कळले. जो विषय, म्हणजे कॅल्क्युलस (कलन), ती इथे शिकली आहे, त्यासाठी डॉलरमध्ये पुन्हा शुल्क भरणे जिवावर येते. एपी आणि क्लेप या कॉलेज बोर्ड नावाच्या अमेरिकी संस्थेच्या परीक्षा आणि विद्यापीठाची स्वतःची चॅलेंज परीक्षा, यांपैकी तिने कोणती द्यावी?

गणिताचे निवृत्त प्राध्यापक, सहकारनगर:
ताई, एपी परीक्षा वर्षातून एकदाच, मे महिन्यात होते, त्यामुळे ती आता हाती राहिलेली नाही. क्लेप मात्र वर्षभर देता येते आणि अनेक विद्यापीठांच्या आवारातच तिचे केंद्र असते. तिचे गुण २० ते ८० या श्रेणीत मिळतात. अमेरिकन कौन्सिल ऑन एज्युकेशन ही तिथल्या उच्च शिक्षण संस्थांची संघटना साधारणपणे ५० गुणांना क्रेडिट देण्याची शिफारस करते, पण ती शिफारसच आहे. क्रेडिट द्यायचे की नाही आणि किती, हे विद्यापीठ ठरवते. नापास झाल्यास तीच परीक्षा पुन्हा देण्यासाठी तीन महिने थांबावे लागते.

कॅल्क्युलसच्या क्लेपचे दोन भाग असतात. पहिल्यात कॅल्क्युलेटर चालत नाही आणि बोर्डाची गणिते हातानेच सोडवलेल्या आपल्या मुलांना तो जड जाऊ नये. दुसऱ्या भागात आलेख काढणारा कॅल्क्युलेटर संगणकाच्या पडद्यावरच दिलेला असतो. फलाचा आलेख पाहून त्याचे शून्यबिंदू शोधणे किंवा निश्चित संकलनाची किंमत थेट काढणे याची सवय आपल्याकडे कोणी लावत नाही, त्यामुळे त्याचा सराव आधीच करून घ्यावा. चॅलेंज परीक्षा संबंधित विभाग स्वतःच्या अभ्यासक्रमावर घेतो, आणि बहुतेक ठिकाणी ती एकदाच देता येते. म्हणून अर्ज करण्यापूर्वी त्या विभागाकडून पूर्ण अभ्यासक्रम मागवून घ्या.

बाणेरवासी, अमेरिकेत शिकून परतलेला:
सरांच्या म्हणण्यात मला भर घालावीशी वाटते, कारण पैसे वाचवण्याचा हिशेब इथेच चुकतो. एफ-१ (विद्यार्थी) व्हिसावरील पदवीच्या विद्यार्थ्याला नियमित सत्रात सहसा किमान १२ क्रेडिटचे वर्ग घ्यावेच लागतात आणि परीक्षेतून मिळवलेले क्रेडिट त्या १२ मध्ये धरले जात नाही. म्हणजे त्या सत्राचे शुल्क फारसे कमी होत नाही. खरी बचत पदवी एखादे सत्र आधी पूर्ण झाली, तरच होते. शिवाय काही विभाग क्रेडिट न देता केवळ पुढच्या वर्गात बसण्याची परवानगी देतात, आणि तेव्हा एकूण क्रेडिटची बेरीज होती तिथेच राहते.

माझे स्पष्ट मत असे की अभियांत्रिकीच्या मुलीने कॅल्क्युलसचा पहिला वर्ग वगळण्याची घाई करू नये. दुसऱ्या वर्गात अनंत श्रेणींच्या अभिसरणाच्या कसोट्या येतात आणि त्या आपल्या बारावीत नाहीत. पहिल्याच सत्रात, परक्या वातावरणात, एकदम तिथून सुरुवात करणे चांगल्या मुलांनाही झेपत नाही. परीक्षा द्यायचीच असेल, तर मानसशास्त्र किंवा अर्थशास्त्र यांसारख्या सर्वसाधारण शिक्षणाच्या विषयाची द्यावी, आणि तो विषय तिच्या पदवीच्या आराखड्यात बसतो, हे शैक्षणिक सल्लागाराकडून लेखी घ्यावे.

कोथरूडमधील पालक:
दोघांचेही मनापासून आभार. बारा क्रेडिटची अट आम्हाला कोणीच सांगितली नव्हती. गणित विभागाकडून अभ्यासक्रम मागवते आणि सल्लागारालाही आजच लिहिते. माझा पुतण्या इथेच एका स्वायत्त महाविद्यालयात आहे. त्याला अशी काही सोय आहे का?

प्राध्यापिका, शिवाजीनगर:
नुसती परीक्षा देऊन क्रेडिट, अशी सोय आपल्याकडे सहसा नाही. तिच्या सर्वांत जवळचा मार्ग स्वयंचा, म्हणजे केंद्र सरकारच्या ऑनलाइन अभ्यासक्रमांच्या व्यासपीठाचा, आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२१ च्या नियमांनुसार एका सत्रातील एकूण अभ्यासक्रमांपैकी ४० टक्क्यांपर्यंत अभ्यासक्रम स्वयंवरून करता येतात. त्यातील एनपीटीईएल या आयआयटी आणि आयआयएस्सीच्या उपक्रमाच्या अभ्यासक्रमांत दर आठवड्याच्या असाइनमेंटना २५ आणि केंद्रावर होणाऱ्या अंतिम परीक्षेला ७५ टक्के भार असतो, त्यामुळे विषय आधीच येत असला तरी असाइनमेंट चुकवून चालत नाही. मात्र नोंदणी करण्यापूर्वी तो अभ्यासक्रम महाविद्यालयाच्या मान्य यादीत आहे का, हे पुतण्याने विभागप्रमुखांकडून तपासून घ्यावे आणि डिजिलॉकरमधून अकॅडमिक बँक ऑफ क्रेडिट्सचे, म्हणजे मिळवलेले क्रेडिट जमा होते ते, खाते उघडून ठेवावे. प्रमाणपत्र हातात आल्यानंतर मान्यतेसाठी धावपळ करणारी मुले मी दर सत्रात पाहते, आणि तोवर गुण भरण्याची मुदत बहुधा उलटून गेलेली असते.