कॉकाटीलची पांढरी पूड आणि सासूबाईंचा खोकला

गुंड्याची_आई
कर्वेनगर, चौथा मजला, टू बीएचके. आमचा कॉकाटील पक्षी गुंड्या दीड वर्षाचा, राखाडी, गालावर केशरी टिकल्या. दुकानदार ‘कॉकटेल’ म्हणून विकतात तोच. सकाळी साडेआठला हॉलमध्ये ऊन येतं आणि नेमका तेव्हाच हा अंग फुलवून झटकतो. उन्हाच्या तिरिपेत असा ढग उठतो, वाटतं कुणी रांगोळीची पुडी फोडली. दुपारपर्यंत टीव्हीवर बोटानं नाव लिहून घ्या. त्याच्या पाण्याच्या वाटीवरसुद्धा पांढरा तवंग. मी इतके दिवस तो दाण्यांचा कोंडा समजत होते.

मावशी केर काढतात, म्हणजे खरं तर केरसुणीनं ती पूड वर उडवतात. अकरापर्यंत सगळं परत जागच्या जागी. एअर प्युरिफायर आणून पिंजऱ्याला खेटून ठेवला. बाराव्या दिवशी जाळी उघडली तर आत गोधडीसारखा थर.

फरशीचं जाऊ दे. सासूबाईंना जुना दमा आहे, पंप चालू असतो, पण गेले तीन आठवडे वेगळाच कोरडा खोकला आहे. आणि गुंड्या दुपारी त्यांच्याच खांद्यावर बसून मालिका बघतो! नवरा म्हणतो, देऊन टाकू कुणाला तरी. त्या म्हणतात, आधी मला द्या. पूड कमी व्हावी म्हणून काही औषध, काही खाणं असतं का?

सहकारनगरचे_काका
नाही. पूड बंद करायची नसतेच, ताई. कॉकाटील म्हणजे काकाकुव्यांच्या घराण्यातलं शेंडेफळ, आणि हे घराणंच पिठाच्या गिरणीतलं. बाहेरच्या पिसांखाली यांना एक प्रकारची मऊ पिसं असतात. ती झडत नाहीत, वाढत राहतात आणि टोकाशी सतत भुगा होतात. पक्षी चोचीनं तो भुगा अंगभर फिरवतो, त्यानं पिसं नीट राहतात, पाणी मुरत नाही. शिवाय पिसं बदलायच्या दिवसांत नव्या पिसांवरची कात सुटते, तिचाही कोंडा. पिसांवर मारायचं तेलकट काही कुणी विकत असेल तर घेऊ नका.

नऊ वर्षं दोन पाळले. माझं म्हणणं एकच, पाणी. आधी पक्ष्यावर. साधं पाणी, बारीक फवारा, तोंडावर नाही. डोक्याच्या वर हवेत मारायचा आणि तो भुरभुर खाली येऊ द्यायचा. आठवड्यातून दोन-तीनदा, सकाळीच, म्हणजे संध्याकाळच्या आत अंग वाळतं. थंडीत पाणी कोमट, आणि फारच गारठा असेल त्या दिवशी सुट्टी. आमचा एक फवाऱ्याला शत्रू समजायचा. त्याला कोथिंबिरीची जुडी धुऊन, न झटकता, पिंजऱ्यात टांगायचो. पानांत घुसून घुसून स्वतःच भिजायचा, वर अर्धी खायचा.

मग घरावर. केरसुणी त्या खोलीत बंद. मावशींना सांगा, आधी ओलं फडकं. पिंजऱ्याखालचा पेपर उचलण्याआधी त्यावर दोन फवारे मारायचे, मग कडा आत दुमडून गुंडाळायचा. कोरडा पेपर उचललात की दिवसभराची पूड तुमच्या नाकात. सीलिंग फॅनखालून पिंजरा हलवा, आणि गुंड्या बाहेर असताना फॅन बंदच, ते पुडीसाठी नाही, मानेसाठी.

प्युरिफायर पाच-सहा फूट लांब ठेवा आणि बाहेरची जाळी दर रविवारी साफ करा. आतला बारीक हेपा फिल्टर ०.३ मायक्रॉनचे कण ९९.९७ टक्के अडवतो हे खरं, पण पुढची जाळी गोधडी झाली की हवा त्याच्यापर्यंत पोचतच नाही. आयोनायझर किंवा ओझोनचं बटण असेल तर ते बंद ठेवा.

पर्वती_पायथा
काकांचं सगळं बरोबर, पण ते फरशीचं झालं. खोकल्याचं वेगळं आहे.

आमच्या बाबांची रोजची पर्वती टेकडी होती, १०३ पायऱ्या, वर न थांबता. एका वर्षी ते अर्ध्यावर बसायला लागले. आम्ही म्हटलं, वय. सहा महिने आम्ही खोकल्याचं औषध बदलत राहिलो, आणि कुठल्याही डॉक्टरांना सांगितलं नाही की घरात पक्षी आहेत, कारण ते सांगायची गोष्ट आहे हेच डोक्यात आलं नाही. शेवटी छातीच्या डॉक्टरांनी पहिलाच प्रश्न विचारला, ‘बाल्कनीत कबुतरं?’ म्हटलं, नाही, हॉलमध्ये तीन कॉकाटील.

याला बर्ड फॅन्सियर्स लंग म्हणतात. हा दमा नव्हे. पिसांच्या पुडीतल्या आणि विष्ठेतल्या प्रथिनांवर शरीर उलटतं आणि फुप्फुसाला सूज येते. कुणाला काही तासांत थंडी-ताप-धाप, कुणाला नुसता रेंगाळणारा खोकला आणि चढावर दम. वर्षानुवर्षं चाललं तर फुप्फुसात व्रण पडतात आणि ते मागे जात नाहीत. सासूबाईंना तेच झालंय असं मी म्हणत नाही, पण पंपावर भागवू नका. छातीच्या डॉक्टरांकडे जा आणि पक्ष्याचं आपणहून सांगा. आणि काका, एकदा निदान झालं की फवारा, प्युरिफायर पुरत नाहीत. आमचे तिघे आत्येभावाकडे गेले. बाबा पंधरा दिवस आमच्याशी बोलले नाहीत.

सहकारनगरचे_काका
मान्य. मी खोकल्याचं वाचलं आणि फरशीवर बोललो.

डबलबेल
पिंजरा हॉलमध्ये आहे म्हणजे देव्हारा आणि स्वयंपाकघर किती लांब? धूप, कापूर, डासांची कॉइल या पक्ष्यांना सोसत नाही, सासूबाईंनाही सोसत नसेल. आणि नॉनस्टिक तवा रिकामा तापला तर त्या वाफेनं पक्षी मरतो, मिनिटांत. बिडाचा वापरा.

गुंड्याची_आई
सगळ्यांचे आभार, विशेषतः पर्वती_पायथा. अठरा दिवसांनी लिहितेय. पिंजरा बंदिस्त बाल्कनीत गेला, मधलं काचेचं दार लावलेलं. पेपर आता मी उचलते, मास्क लावून. फवाऱ्याला गुंड्यानं पहिल्या दिवशी शिव्या दिल्या, कोथिंबीर मात्र चालली. वाटीवरचा तवंग आहे तसाच आहे, टीव्ही बराच काळा दिसतो.

छातीच्या डॉक्टरांनी पक्ष्याचं ऐकून पेन खाली ठेवलं. फुंकायची तपासणी झाली, सीटी स्कॅन काल झाला, रिपोर्ट शुक्रवारी. तोवर खांद्यावर बसणं बंद. दुपारी सासूबाई काचेच्या अलीकडे खुर्ची ओढून बसतात, तो पलीकडून शीळ घालतो, या उत्तर देतात, आणि मग खोकतात. नवऱ्यानं देऊन टाकायचा विषय काढलेला नाही. मीही नाही.