सल्ला हवा: सायफाय रोमान्स, शृंगारासकट, पण विज्ञान नुसतं मुखपृष्ठावर नको

तेरणाकाठ
इंग्रजी सायफाय रोमान्स सुचवा. शृंगार मोकळा असला तरी चालेल, खरं तर हवाच. पण जबरदस्तीलाच प्रेम म्हणणारं पुस्तक नको. शेवट गोड पाहिजे. इंग्रजी फार जड नको, मोबाइलवरच वाचायचंय. वीस-वीस भागांच्या मालिका बघून धास्ती भरायली, सुरुवात कुठून करावी? मराठीत काही असेल तर तेही सांगा.

मोंढा_नाका
आधी एक चाळणी सांगतो, मग नावं. नायकाची शिंगं, शेपूट आणि यान काढून घ्या आणि त्याला जालन्याच्या मोंढ्यात आडत्या म्हणून उभा करा. गोष्ट तशीच चालली तर ते सायफाय नाही, नुसती वेशभूषा आहे. या प्रकारातली बरीच पुस्तकं इथंच गळतात.

चाळणीतून उतरणारं पहिलं नाव ॲन अग्वायरचं ‘स्ट्रेंज लव्ह’, 2020. नायक माणसासारखा दिसतच नाही, अंगावर कीटकासारखं कठीण कवच. त्यामुळे जवळ यायचं कसं, कुठं हात लावलेला चालतो, कशाचा अर्थ काय, हे दोघांना बोलून ठरवावं लागतं. म्हणजे संमती हाच कथेचा सांगाडा झाला, लेखिकेला त्यावर वेगळं भाषण द्यावं लागत नाही. नायिकेला पळवलं जातं ते चुकून. भाषा सोपी, विनोद भरपूर. शृंगार उशिरा येतो, पण येतो तेव्हा दार उघडं असतं.

दुसरं, जेसी मिहालिकचं ‘पोलारिस रायझिंग’, 2019. यानं, घराण्यांची भांडणं, पाठलाग. नायक-नायिका दोघेही माणसंच. तीन भाग, दर भागात त्याच घराण्यातली वेगळी बहीण. पहिला वाचून थांबलात तरी काही अडत नाही. विज्ञान बेताचं, वेग झकास.

परभणी_पॅसेंजर
‘आइस प्लॅनेट बार्बेरियन्स’ राहिलं की ओ! रूबी डिक्सनचं, 2015 पासूनचं. प्रकाशकाची वाट न बघता लेखिकेनं स्वतःच काढलं. नंतर व्हिडिओंवरून गाजलं आणि 2021 मध्ये मोठ्या प्रकाशकानं छापील आवृत्ती आणली. वीसपेक्षा जास्त भाग आहेत, पण भिऊ नका, दर भागात जोडी नवी. पहिला वाचायचा, पुढं आवडेल ती जोडी निवडायची. इंग्रजी एकदम सोपं.

मोंढा_नाका
मुद्दाम वगळलं, दादा. धागाकर्त्याची पहिली अटच बघा. सुरुवातीच्या प्रकरणांतच अपहरण आणि लैंगिक अत्याचार आहे (नायकाकडून नव्हे, पळवून नेणाऱ्यांकडून). शिवाय त्या ग्रहावर जगायचं तर शरीरात ‘खुई’ नावाचा सहजीवी घ्यावा लागतो, आणि जोडीदार कोण हे तोच थरथरून ठरवतो. कल्पना म्हणून भारी, जालन्यात चालणार नाही अशी. पण बाईला नाही म्हणायला जागा किती उरते? वाचकांचे दोन तट इथंच पडतात.

परभणी_पॅसेंजर
तसं बघितलं तर आपल्याकडं पत्रिका ठरवते, तिथं खुई. 😄 पण अट मोडते हे मान्य. तेरणाकाठ, हे आत्ता नको, नंतर बघा.

शनीचा_फेरा
विज्ञानाच्या बाजूनं थोडं. प्रेमप्रसंगातच लेखकाचा अभ्यास उघडा पडतो. चार जागा तपासा.

वजनरहित अवस्था: मिठी मारली की दोघं तरंगत भिंतीवर जाणार, एकानं ढकललं की दुसरा उलट दिशेला. पाय अडकवायला पट्टा किंवा धरायला दांडी नसेल तर प्रसंग खोटा. घाम ओघळत नाही, कातडीवर थर धरून बसतो. अश्रू गालावरून उतरत नाहीत, डोळ्यापाशीच गोळा होऊन राहतात. शरीरातलं पाणी वर सरकल्यानं तोंड सुजतं, नाक चोंदतं. ‘तिच्या केसांचा सुगंध त्याच्या श्वासात भरला’ असं पहिल्याच दिवशी लिहिणाऱ्याला हे ठाऊक नाही. हवा खेळती नसेल तर सोडलेला कर्बवायू तोंडाभोवतीच साचतो, म्हणून झोपेच्या जागीही हवेचा झोत लागतो. बिलगून झोपलेल्या जोडप्याला तर जास्तच.

अंतर: पृथ्वी ते मंगळ संदेश जायला साधारण 3 ते 22 मिनिटं, उत्तर यायला तेवढीच. दोन ग्रहांवरून लाडीगोडीचा व्हिडिओ कॉल चालला असेल तर पुस्तक मिटा. तिथं पत्रंच लिहावी लागतील. पत्रांतलंच प्रेम हवं तर ‘धिस इज हाउ यू लूज द टाइम वॉर’ (2019) आहे, छोटं आणि सुरेख. पण शारीरिक शृंगार जवळजवळ नाही आणि इंग्रजी अवघड, म्हणून तुमच्या यादीत बसत नाही.

वेग: प्रकाशाच्या 99 टक्के वेगानं यान गेलं तर यानातल्या 1 वर्षाला पृथ्वीवर 7 वर्षं लोटतात. पाच वर्षांनी परतलेल्या नायकाला पंचविशीतलीच नायिका भेटली तर गणित चुकलं. प्रकाशापेक्षा जास्त वेगाचं काल्पनिक इंजिन असेल तर हा हिशोब माफ, फक्त तसं आधी सांगितलेलं पाहिजे.

चौथी जागा भाषांतराची चिप. पहिल्या पानावर कानात बसवली आणि दुसऱ्यापासून नायक पुण्याच्या प्राध्यापकासारखा बोलायला लागला, की गैरसमजातून फुलणारी सगळी मजा गेली.

गोदाकाठची
शृंगार कमी चालत असेल तर दोन नावं. एव्हरिना मॅक्सवेलचं ‘विंटर्स ऑर्बिट’, 2021: एक राजपुत्र आणि दुसऱ्या ग्रहावरचा एक सरदार, यांचं राजकारणासाठी ठरवून लावलेलं लग्न. सरदाराचा पहिला जोडीदार वारलेला, आणि ते आधीचं नातं छळाचं होतं. हे धरून वाचायला घ्या. ठरवलेल्या लग्नातला पहिल्या दिवसांचा अवघडलेपणा आपल्या वाचकाला समजावून सांगावा लागत नाही. दुसरं लोइस मॅकमास्टर बुजोल्डचं ‘शार्ड्स ऑफ ऑनर’, 1986: शत्रुपक्षांतले दोघं प्रौढ, जबाबदार अधिकारी. यातही एक अत्याचाराच्या प्रयत्नाचा प्रसंग आहे, पण लेखिका त्याला प्रेम म्हणत नाही.

खरेदीचं: किंडल ॲपवर नमुना फुकट मिळतो, साधारण पहिले 10 टक्के. त्यातून भाषा आणि विज्ञान कळतं, शृंगार कळत नाही, कारण तो बहुतेक पुढंच असतो. त्यासाठी परीक्षणांत ‘ओपन डोअर’ (शृंगार पानावरच दाखवलेला) की ‘क्लोज्ड डोअर’ (दाराआड उरकलेला) ते शोधा. ‘एचईए’ म्हणजे कायमचा गोड शेवट, ‘एचएफएन’ म्हणजे तूर्तास गोड. ‘क्लिफहँगर’, म्हणजे गोष्ट मधेच टांगून ठेवलेली, असं दिसलं की पुढचा भाग घ्यावाच लागणार.

अख्ख्या घराचं खातं एकच असेल तर जपून, पुस्तक त्या खात्यावरच्या प्रत्येक फोनच्या लायब्ररीत दिसतं. फोनवरून काढलं तर फक्त उतरवलेली प्रत जाते. पूर्ण घालवायचं तर वेबसाइटवर ‘मॅनेज युवर कंटेंट अँड डिव्हायसेस’मध्ये जाऊन कायमचं डिलीट करावं लागतं, मग परत हवं तर परत पैसे. सरळ वेगळं खातं काढा. आणि कार्टूनसारखं गोंडस मुखपृष्ठ बघून ते भाचीला देऊ नका, आत काय आहे त्याचा मुखपृष्ठाशी संबंध नसतो.

तेरणाकाठ
आणि मराठीत?

गोदाकाठची
या जातीची कादंबरी दाखवावी अशी एकही नाही. नारळीकर, लक्ष्मण लोंढे, सुबोध जावडेकर यांनी विज्ञानकथा मोठी केली, पण तिचा जीव कल्पनेत. नायक-नायिका भेटतात ते बहुधा प्रयोगशाळेत. अडचण शब्दांची आहे. आपल्याकडं शृंगारासाठी एक तर पाठ्यपुस्तकातला संस्कृत शब्द, नाही तर शिवी. मधली बोली हरवली. ती सातवाहनांच्या काळी याच गोदाकाठी होती की! हालाच्या ‘गाथासप्तशती’त शेतं, नदीकाठ, चोरून भेटी सगळं महाराष्ट्री प्राकृतात आहे, तेही लाजलज्जा न बाळगता आणि बीभत्स न होता. स. आ. जोगळेकरांची मराठी आवृत्ती 1956 ची, जुन्या वाचनालयात विचारून बघा. मराठीत कुणाला असली कादंबरी लिहायचीच असेल तर शब्द तिथून उचलावेत.

तेरणाकाठ
‘स्ट्रेंज लव्ह’चा नमुना उतरवला. नायिकेचा कुत्रा बोलतो हे कुणीच सांगितलं नाही! त्याला मधेच मारत तर नाहीत ना? तेवढं सांगा, मगच पैसे भरते.

मोंढा_नाका
नाही मारत, ताई. भरा पैसे.