खोलीतल्या मैत्रिणीवर आळ घेतला, आता काय करू?

कातळावरची:
मी रत्नागिरीत एसवायला आहे, गाव राजापूर तालुक्यात. भाड्याच्या खोलीत आम्ही चौघी राहतो, स्वयंपाक एकत्र. बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात गॅसचे, दुधाचे, भाजीचे पैसे असतात. कुलूप नाही, हिशेबाची वही नाही. दीड वर्षात कधी गरजच वाटली नाही.

जुलैच्या शेवटी घरी गेले होते. लावणी आटपत आली होती आणि आंब्याच्या कलमांच्या वाटणीवरून बाबा आणि काका यांच्यात फार वाईट वाजलं. आजी मध्ये पडली तर तिलाही नको ते बोलले. दुसऱ्या दिवशी एसटीत लांजा, पाली, हातखंबा, सगळा रस्ता माझ्या डोक्यात तेच. खोलीवर आले, दुधाच्या पैशांसाठी डबा उघडला, तर गॅसचे 950 रुपये नाहीत.

जिच्यावर मी आळ घेतला ती मैत्रीण समोर तांदूळ निवडत बसली होती. तिचे वडील हर्णैला बोटीवर खलाशी आहेत. 1 जून ते 31 जुलै बोटी बंद, म्हणजे घरात पैसा नाही. यंदा खोलीचं भाडं भरायला तिच्या आईने कानातले गहाण ठेवले, हे तिने जूनमध्ये एका रात्री फक्त मला सांगितलं होतं. आणि मी तिसरीसमोर, वर दारात उभ्या असलेल्या घरमालकीण काकूंसमोर म्हटलं, "तुझ्याच घरी अडचण होती ना? कानातलेसुद्धा गहाण आहेत ना?"

तिने ताट खाली ठेवलं. बोलली काहीच नाही.

तासाभराने चौथी आली. पैसे तिनेच सिलिंडरवाल्याला दिले होते. भरलेला सिलिंडर दारामागे उभा होता, मी पाहिलाही नव्हता.

याला दोन महिने होत आले. ती भांडत नाही. मला ताप आला तेव्हा पेज करून दिली. पण स्वतःचे पैसे आता पेटीत कुलपात ठेवते आणि घरचं एक अक्षर सांगत नाही. आमच्या घरी 'माझं चुकलं' असं तोंडाने कोणी म्हणत नाही. रुसलेल्याच्या पानात जास्तीचं वाढायचं, की मिटलं. मी गणपतीहून येताना करंज्या आणल्या, तिने एक घेतली. पुढे काय करू ते कळत नाही.

वायरीचा रापणकर:
ताई, मी मालवणचा. आमच्या घरची रापण आहे, म्हणजे किनाऱ्यावरून अनेकांनी मिळून ओढायचं मोठं जाळं. जाळं ओढून झालं की तिथेच वाळूवर वाटे पडतात. ओढणाऱ्यांचे, जाळ्याचे, होडीचे. सख्खे भाऊ असले तरी मासे घरी नेऊन मग वाटत नाहीत. आजोबा म्हणायचे, "वाटे सगळ्यांसमोर पडाक व्हये." यात कोणी कोणावर संशय घेतो असं आमच्याकडे कोणालाच वाटत नाही. उलट त्यामुळेच संशयाला जागा राहत नाही. डब्यात एक वही ठेवा. जी पैसे काढेल तिने लिहायचं.

निवृत्त मास्तरीण, चिपळूण:
मी बरीच वर्षं कॉलेजात मानसशास्त्र शिकवलं, म्हणून लिहिते.

जेनिफर डन आणि मॉरिस श्वाइट्झर यांचा 2005चा अभ्यास आहे. राग भलत्याच गोष्टीचा असला तरी समोरच्या माणसावरचा विश्वास त्याने कमी होतो, असं त्यांना दिसलं. तुझं एसटीतलं डोकं इथे बसतं. पण त्याच अभ्यासात हेही आहे की आपला राग कशाचा हे लक्षात असेल, किंवा माणूस ओळखीचा असेल, तर हा परिणाम राहत नाही. बाळा, तू तिला दीड वर्ष ओळखत होतीस आणि राग काकांचा आहे हेही तुला ठाऊक होतं. म्हणून सगळा दोष रागावर टाकू नकोस. अडचणीतल्या घरची मुलगी हात मारणारच, हे कुठेतरी तुझ्या मनात आधीच होतं. झोंबेल, पण तपासून बघ. हे आपण घरातून, वाडीतून न कळत उचलतो.

रापणकर भाऊ, वही चांगलीच. पण डॅनियल मॅकअलिस्टर यांनी 1995 मध्ये नोकरीतल्या माणसांमधल्या विश्वासाचे दोन भाग मांडले होते: एक व्यवहार पाहून बसलेला, दुसरा जिव्हाळ्यातला. वहीने पहिला सावरेल. इथे तर पैशांचा प्रश्न तासाभरात सुटला होता. तिने रात्री सांगितलेली गोष्ट हिने चारचौघांत पुरावा म्हणून वापरली.

सुरूचं बन:
आळ काकूंसमोर घेतलास ना? मग माफीही काकूंसमोरच माग. आमच्या वाडीत असा शब्द एका पोरीपुरता राहत नाही, तिच्या आईबापांवर जातो. एकांतात करंजी देऊन तो कसा फिटणार?

कातळावरची:
मास्तरीणबाईंचं वाचून दोन दिवस जेवण गेलं नाही. खरं आहे. लहानपणी आमच्याकडे कामाला येणाऱ्या बाईंसमोर आजी पैशांचा डबा उचलून आत ठेवायची. मी ते बघत मोठी झाले.

काल संध्याकाळी काकू भाडं घ्यायला आल्या तेव्हा तिघींना बसवलं आणि सगळं बोलले. पैसे कोणी घेतले नव्हते. मी खोटा आळ घेतला. तिच्या घरची गोष्ट सांगण्याचा मला अधिकार नव्हता. आवाज फुटत नव्हता, तरी शेवटपर्यंत बोलले. काकूंनी तिच्या पाठीवरून हात फिरवला.

ती एवढंच म्हणाली, "कानातले अजून सुटले नाहीत. आता तरी कोणाला सांगू नकोस." त्यावर मी काही बोलले नाही, मान हलवली. इथे हे लिहिलं आहे हेही तिला सांगितलं आणि तिच्यासमोरच वाचून दाखवलं. 'राहू दे' म्हणाली.

वही आणली आहे. पेटीला कुलूप आहेच. त्याबद्दल मी विचारणार नाही.