ड्रेस्डेनहून परतलेल्या व्हॉनेगटने सरळ का लिहिले नाही?

प्रश्न (काठावरचा वाचक)

नमस्कार. आमच्या वाचनगटाने या महिन्यात कर्ट व्हॉनेगटची 'स्लॉटरहाउस-फाइव्ह' घेतली होती. चर्चा एकाच मुद्द्यावर अडली, म्हणून येथे विचारत आहे. डिसेंबर १९४४ मध्ये, दुसऱ्या महायुद्धातील बल्जच्या लढाईत हा २२ वर्षांचा अमेरिकन सैनिक जर्मनांच्या हाती सापडला. त्याला जर्मनीतील ड्रेस्डेन शहरात कामाला जुंपण्यात आले आणि १३ फेब्रुवारी १९४५ च्या रात्री शहरावर बॉम्ब पडू लागले तेव्हा कत्तलखान्याखालच्या, मांस साठवण्याच्या तळघरात असल्यामुळे तो वाचला. पुढे ढिगाऱ्यांतून प्रेते उपसण्याचे कामही त्याच्या वाट्याला आले. एवढे सगळे गाठीशी असताना कादंबरी यायला १९६९ साल उजाडले. तीही अशी, की नायक बिली कधी वर्तमानात, कधी भूतकाळात, तर कधी परग्रहावरच्या प्राणिसंग्रहालयात! गटातील एका ज्येष्ठ सदस्यांच्या मते ही निव्वळ पळवाट आहे. जो तेथे होता त्याने सरळ सांगायला हवे होते. मला हे पटत नाही, पण खोडूनही काढता येत नाही. जाणकारांनी सांगावे.

उत्तर १ (पिंपळपान)

सरळ सांगण्याचा प्रयत्न त्याने केला होता आणि तो फसला, हे पहिल्याच प्रकरणात त्याने स्वतःच्या तोंडाने सांगितले आहे. युद्धातला सोबती बर्नार्ड ओहेअर याच्याकडे तो आठवणी ताज्या करायला जातो, तेव्हा ओहेअरची पत्नी मेरी त्याच्यावर उखडते. तुम्ही तेव्हा निव्वळ पोरे होता, पण पुस्तकात स्वतःला मर्द म्हणून रंगवाल आणि मग आणखी युद्धे होतील, असा तिचा राग. मुलांच्या धर्मयुद्धाचा उल्लेख असलेले उपशीर्षक आणि अर्पणपत्रिकेतले तिचे नाव त्या संध्याकाळची देणगी आहे. सरळ, चढत्या क्रमाने सांगितलेली युद्धकथा आपोआप शौर्यकथा होऊ लागते, ही त्याची खरी अडचण होती. पळवाट काढायची असती तर ती कथा लिहिणे कितीतरी सोपे होते.

माझ्या मते याहून महत्त्वाचा पुरावा त्याच्या पत्रात आहे. सुटका झाल्यावर २९ मे १९४५ रोजी त्याने फ्रान्समधून घरच्यांना पत्र लिहिले. त्यात कैद्यांच्या बंद आगगाडीवर ब्रिटिश विमानांनी बॉम्ब टाकल्याचे आहे, दहा दिवसांच्या उपासमारीनंतर अंघोळीच्या फवाऱ्याखाली माणसे धक्क्याने दगावल्याचे आहे, ड्रेस्डेन भस्मसात झाल्याचे आहे. अशा हकिकतींच्या शेवटी तो फिरून फिरून एवढेच लिहितो, की मी मात्र मेलो नाही. आता कादंबरी उघडा. कोणाचाही मृत्यू आला, की मागोमाग 'चालायचेच' अशा अर्थाचे तेच तीन शब्दांचे पालुपद येते, शंभराहून अधिक वेळा. पत्रातले वाक्य वाचलेल्याचे आहे, कादंबरीतले मेलेल्यांसाठी आहे, पण चाल तीच. शैली १९४५ सालीच सापडली होती. ती पुस्तकभर कशी पेलायची हे कळायला २४ वर्षे लागली.

उत्तर २ (नकाशा)

वरील प्रतिसाद आवडला, तरी 'जो तेथे होता' या शब्दांना आपण सगळेच जरा जास्त मान देतो, असे नम्रपणे नोंदवतो. तळघरातल्या माणसाला दिसते काय? त्याच पत्रात व्हॉनेगट लिहितो की आधी अमेरिकन विमाने आली आणि मागून ब्रिटिश. प्रत्यक्षात क्रम उलटा होता. मृतांचा आकडा तो २,५०,००० देतो, कादंबरीत दुसऱ्याच्या पुस्तकावर विसंबून १,३५,००० येतो आणि ड्रेस्डेन शहराने नेमलेल्या इतिहासकारांच्या समितीने २०१० मध्ये तो जास्तीत जास्त २५,००० ठरवला. साक्षीदार असणे आणि माहीतगार असणे या निराळ्या गोष्टी आहेत.

दुसरे उदाहरण अमेरिकन कादंबरीकार हेमिंग्वेचे. जुलै १९१८ मध्ये इटलीच्या आघाडीवर सैनिकांना चॉकलेट आणि सिगारेटी वाटताना तो तोफगोळ्याने जखमी झाला. 'अ फेअरवेल टू आर्म्स'मधली जखम आणि मिलानचे इस्पितळ तेथून आले. पण त्या कादंबरीचा सर्वांत ताकदीचा भाग म्हणजे चिखलातून रडतखडत निघालेली इटालियन सैन्याची कापोरेत्तोची माघार, आणि ती घडली ऑक्टोबर १९१७ मध्ये, जेव्हा हेमिंग्वे अमेरिकेत कॅन्सस सिटीच्या वृत्तपत्रात नुकताच उमेदवारी करू लागला होता. मग अनुभवाने नेमके काय दिले?

उत्तर ३ (शिळोप्याचा ओटा)

'नकाशा' यांच्या प्रश्नाला माझे उत्तर असे, की अनुभव घटना पुरवतो त्यापेक्षा कान अधिक पुरवतो: कोणता शब्द खोटा वाजतो, हे त्याने कळते. माघार न पाहताही हेमिंग्वेला ती लिहिता आली ती या कानामुळे. गौरव, बलिदान असल्या शब्दांची त्याच्या नायकाला लाज वाटते. त्याला फक्त गावांची नावे आणि रस्त्यांचे क्रमांक विश्वासार्ह वाटतात.

आपल्याकडे विश्राम बेडेकरांचे 'रणांगण' (१९३९) आठवा. बेडेकर आघाडीवर गेले नव्हते. युरोपहून बोटीने परतताना जर्मनीतून परागंदा झालेल्या ज्यूंचा सहवास त्यांना घडला, इतकेच. कादंबरीत एकही लढाई नाही. डेकवरच्या गप्पा आहेत, नायक चक्रधर आणि ज्यू तरुणी हॅर्टा आहेत, आणि चक्रधर मुंबईला उतरल्यावर तिला घेऊन पुढे जाणारी बोट आहे. तरीही शीर्षक रणांगणच, आणि ते खोटे वाटत नाही.

काठावरचा वाचक

तिघांचेही आभार. पत्राची गोष्ट मला ठाऊक नव्हती. 'चालायचेच' हा निर्विकारपणा आहे असे आम्ही धरून चाललो होतो, ती चूक होती.

'कान' म्हणता त्यावरून एक प्रसंग पुन्हा काढून वाचला. गर्भवती स्त्रियांसाठी माल्टचा पौष्टिक पाक बनवणाऱ्या कारखान्यात व्हॉनेगटने खरोखर काम केले होते. कादंबरीत भुकेले कैदी तेथे जागोजागी चमचे लपवून ठेवतात. बिली पाकात बुडवलेला चमचा खिडकीतून बाहेरच्या प्रौढ सहकैदी एडगर डर्बीच्या तोंडात देतो आणि डर्बी ढसाढसा रडू लागतो. याच डर्बीला पुढे ढिगाऱ्यातली चहाची किटली उचलल्याबद्दल गोळी घालतात, हे लेखकाने आपल्याला पहिल्या प्रकरणातच सांगून टाकलेले असते. पुढच्या बैठकीत ज्येष्ठ सदस्यांना हीच दोन पाने मोठ्याने वाचायला सांगणार आहे.