फोनवाला आणि पिणारा एका तराजूत नको म्हणे. का नको?

मलप्रभेकाठची
परवा इथंच एकानं लिहिलं होतं, "गाडी चालवताना फोनवर दोन शब्द बोलले म्हणून कुणी मरत नाही. फोनवाला आणि दारू पिऊन चालवणारा एका तराजूत तोलू नका, चांगल्या घरच्या माणसांची बदनामी होते." तेव्हापासून डोक्यातून जात नाही, म्हणून लिहायला बसले. लांब होईल.

माझा धाकटा दीर तीन वर्षांपूर्वी बेळगावकडच्या जांबोटी रोडला अपघातात गेला. डेअरीला दूध घालून परत येत होता, किटल्या रिकाम्या होत्या. वळायचं म्हणून कडेला थांबलेला, इंडिकेटर चालू. मागून कार आली. कारवाल्याचं रक्त तपासलं, दारूचा थेंब नव्हता. घरून फोन आलेला आणि तो बोलत होता, हे त्यानं स्वतःच सांगितलं. गावात काय बोलणं झालं माहीत आहे? "सज्जन माणूस हो, चुकून झालं." तो बाराव्याला आमच्या पडवीत येऊन बसला आणि सासऱ्यांनी त्याला चहा द्यायला लावला. कप मीच नेऊन दिला. तोच माणूस पिऊन असता तर गावानं त्याला वेशीच्या आत घेतलं नसतं. मरणारा तर दोन्हीकडं सारखाच मेला.

ताशी ६० नं चाललेली गाडी सेकंदाला साडेसोळा मीटर जाते. मेसेज बघायला पाच सेकंद धरा, झाले ऐंशी मीटरच्या वर. तेवढं अंतर डोळ्यांना फडकं बांधून चालवून दाखवा कुणीतरी.

निपाणीचा वडापवाला
आक्का, ते लिहिणारा मीच. तुमच्या दिराचं वाचून वाईट वाटलं. पण बोललेलं मागं घेणार नाही.

बावीस वर्षं निपाणी-चिक्कोडी वडाप, म्हणजे शिटांची गाडी मारतोय. पहाटे साडेपाचला पहिली खेप. दवाखान्याला जाणारी, कोर्टाची तारीख असलेली माणसं फोन करूनच जागा धरतात. मी नाही उचलला तर मागचा उचलतो आणि शिटा त्याच्या. माझी पोरं कशावर जगतात त्याचाही विचार करा.

आणि पिणारा काय असतो ते मी तवंदी घाटात बघितलंय. उताराला ट्रक न्यूट्रल करून सोडलेला, ड्रायव्हर तर्र. मी हॉर्न मारला, लाईट मारली, त्याला कशाचा पत्ता नाही. पुढच्या पिकअपला घेऊनच खाली थांबला. फोनवाल्याला हॉर्न दिला की तो दचकून तरी बघतो. फोन ठेवला की माणूस शुद्धीवर. पोटातली दारू कशी खाली ठेवणार? ती घर येईपर्यंत संगटच असते.

टिळकवाडीकर
दादा, हे "दचकून तरी बघतो" तपासून झालेलं आहे. अमेरिकेत यूटा विद्यापीठात डेव्हिड स्ट्रेयर आणि सहकाऱ्यांनी ४० जणांना सिम्युलेटरवर बसवलं, निष्कर्ष २००६ मध्ये छापून आले. तीच माणसं एकदा फोनवर बोलत चालवणार, एकदा रक्तात १०० मिलिलिटरला ८० मिलिग्रॅम दारू होईपर्यंत पाजून. पिलेले पुढच्या गाडीच्या बुडाला चिकटून चालवत होते आणि ब्रेक दाबला की जोरात दाबत होते. फोनवाल्यांचा पाय ब्रेकवर उशिरा जात होता. पुढच्या गाडीवर आदळले ते तिघे, आणि तिघेही फोनवर बोलताना. कानात हेडफोन घातला तरी फरक पडला नाही. हात मोकळे होते, लक्ष गुंतलेलं होतं.

त्याआधी १९९७ मध्ये टोरांटोच्या वाहनचालकांची फोनची बिलं आणि अपघाताच्या वेळा ताडून पाहिल्या होत्या. फोनवर असताना अपघाताचा धोका चौपट निघाला. तिथंही हँड्सफ्री सुरक्षित ठरला नाही.

रात्रपाळीची सिस्टर
सर, ८० मिलिग्रॅम ही अमेरिकेतली हद्द. आपल्याकडं कायदा ३० ची सांगतो. आणि शनिवारी रात्री आमच्याकडं स्ट्रेचरवरून जे येतात ते ना ३० ला थांबलेले असतात, ना ८० ला. गोव्याहून चोर्ला घाटातून आलेली पोरं, गोव्याची स्वस्त दारू पोटात आणि डिकीतही. तुमच्या प्रयोगात दारू मोजून पाजली होती, इथं मोजायला कोण बसलंय? त्यामुळं फोन दारूपेक्षा वाईट, हे मी मानणार नाही. डोक्याला मार लागलेला पेशंट पिलेला असला की तो झिंगलाय म्हणून उत्तर देत नाही की आत रक्त साकळतंय, हे लवकर उमगत नाही. त्यात वेळ जातो आणि तेवढ्या वेळात माणूस जातो.

पण मलप्रभेकाठच्या ताईंचं एक खरं आहे. दारू रक्तात सापडते, फोन सापडत नाही. कागदावर "भरधाव वेग" एवढंच पडतं. २०२२ मध्ये देशात रस्त्यावर १,६८,४९१ माणसं मेली. सरकारी अहवालात त्यातली सत्तर टक्क्यांच्या आसपास वेगाच्या खात्यावर आहेत, फोनच्या खात्यावर अगदी थोडी. त्या वेगवाल्यांत फोन हातात असलेले किती, कोण सांगणार? मेलेला सांगत नाही आणि वाचलेला कबूल करत नाही.

शिनोळीचा
तपासणीचा विषय निघालाच आहे तर बोलतो. मी हद्दीपलीकडचा, महाराष्ट्रातला, गाडी एमएच-०९. रोज बाचीवरून बेळगावात कामाला. तुम्हा बेळगावच्या केए-२२ वाल्यांना सोडतात आणि माझ्या नंबरप्लेटला हात करतात. मागच्या महिन्यात फुंकायला लावलं, काही निघालं नाही. मग पीयूसी, मग इन्शुरन्स, मग आरशाला तडा. पावती कानडीत. काय लिहिलंय विचारलं तर "वाचायला शीक." दारू काय आणि फोन काय, आम्हाला दंड हद्द ओलांडल्याचाच आहे.

टिळकवाडीकर
सीमाप्रश्न इथं आणू नका. विषय वेगळा आहे.

शिनोळीचा
का नको? तुम्हीच मोर्चात पुढं असता ना, जिथं पंधरा टक्के मराठी आहेत तिथं कागद मराठीत द्या म्हणून ओरडायला? मग दंडाची पावती कागद नव्हे? धोक्याच्या वळणाची पाटी ज्याला वाचता येत नाही, त्याला ती पाटी असून नसल्यासारखी. हाही रस्त्यावरचा जिवाचाच प्रश्न आहे.

टिळकवाडीकर
पाटीचं मान्य. वळणाच्या बाणाला भाषा नसते, पण पाटीचं मान्य. पावतीचं दुखणं मात्र फोनवाल्याला माफ करायला वापरू नका.

दंडाचं सांगतो. मोटार वाहन कायद्याच्या २०१९ च्या दुरुस्तीनंतर पिऊन पहिल्यांदा सापडला तर १०,००० दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. हातात फोन असेल तर कलम १८४, दंड १,००० ते ५,०००, आणि कागदावर एक वर्षापर्यंत कैदही आहे. चौकात होते ती पावती. फोनसाठी आत गेलेला माणूस मी तरी पाहिलेला नाही.

निपाणीचा वडापवाला
तुमचे प्रयोग आणि कलमं राहू देत. आमच्या भागात दिवाळीपासून उन्हाळ्यापर्यंत माणसं कशानं मरतात ते कुणी का लिहीत नाही? उसाचा ट्रॅक्टर! दोन-दोन ट्रॉल्या, मागं लाईट नाही, रिफ्लेक्टर नाही, ऊस दोन्हीकडं हातभर बाहेर. वर स्पीकरचा खोका, गाणी एवढी मोठी की मागची ॲम्ब्युलन्स ऐकू येत नाही. माझा साडू संकेश्वरच्या अलीकडं असाच ट्रॉलीत घुसला. पिला नव्हता, फोनवर नव्हता, त्याला ट्रॉली दिसलीच नाही. त्याला कुठल्या तराजूत घालता?

ऊसवाला, चिक्कोडी
ट्रॅक्टरवाल्याला शिव्या द्यायला सोपं आहे, कारण तो इथं लिहीत नाही. मी लिहितोय. माझा ट्रॅक्टर आहे.

लाईट का नसते ऐका. ट्रॉली दिवसातून चार वेळा सोडायची आणि जोडायची. वायर तुटते, नाहीतर पाचटात अडकून उपसते. नवी घातली की तिसऱ्या दिवशी तेच. आणि गाणी मजा म्हणून लावत नाही. कारखान्याच्या यार्डात नंबराला दोन दोन रात्री उभं राहायचं, झोप नाही, गाडी रिकामी झाली की लगेच फडात पळायचं, कारण टोळी खोळंबलेली. गाणं बंद केलं की डोळा लागतो. माझा भाऊ तसाच झोपला आणि ट्रॅक्टर ओढ्यात घातला. आजही कमरेतून वाकतो. त्याला दारुड्या म्हणालात तर ऐकून घेणार नाही.

निपाणीचा वडापवाला
दारुड्या कोण म्हणालं? लाईट लाव म्हणालो. वायर तुटते तर रिफ्लेक्टरच्या पट्टीला वायर लागत नाही. माझी मेहुणी तीस वर्षांची आहे रे, दोन पोरं पदरात. तुझ्या पाचटाचं कारण तिला जाऊन सांग.

ऊसवाला, चिक्कोडी
तू तुझ्या शिटांचं कारण आक्कांना सांगितलंस, ते चाललं का?

रात्रपाळीची सिस्टर
दोघांनीही आवाज खाली घ्या. झोपेचं मला ठाऊक आहे. रात्रपाळी संपवून स्कूटीवरून घरी जाताना गोगटे सर्कल कधी मागं पडलं ते कळलं नाही, असं माझंही झालंय. त्या दिवसापासून बसनं जाते. पिलेला स्वतःला ठीक समजतो तसंच झोप आलेलाही समजतो.

मलप्रभेकाठची
दोन दिवस वाचतेय. वडापवाल्याला शिटा, ऊसवाल्याला यार्ड, शिनोळीच्या दादांना पावती. प्रत्येकाचं दुखणं खरं आहे, मी कुणाचंही खोटं म्हणत नाही. पण आमच्या पडवीत बसलेल्या त्या माणसाकडंही कारण होतं. घरून फोन आलेला. कारण बघून सोडायचं तर मग कुणालाच धरता येणार नाही.

सिस्टरताई, तुमचं म्हणणं पटलं. दारू जास्त वाईट असेल, ते तुम्ही रोज बघता. माझा हट्ट फोन पहिल्या नंबरला बसवायचा नाही. चहा देऊन घरी पाठवतात, तेवढं बंद व्हावं.

आणि एक बघितलंय. कणकुंबीच्या पुढं रेंज जाते, तिथं सगळे नीट चालवतात. जांबोटीकडं परत रेंज आली की खिशातले फोन वाजायला लागतात आणि माना खाली जातात. दीर त्याच पट्ट्यात गेला.

निपाणीचा वडापवाला
आक्का, आज पुतण्याला शेजारी बसवला. फोन त्याच्या हातात, शिटा तोच लिहून घेतोय. दोन गेल्या मागच्याकडं. उद्या पाच जातील. पिणाऱ्याच्या ओळीत मला बसवू नका, ते मी मरेपर्यंत मानणार नाही. पण "कुणी मरत नाही" हे लिहिलेलं चूक होतं. ते खोडतो.

टिळकवाडीकर
पुतण्या विचारेल आणि तुम्ही चालवता चालवता उत्तर द्याल, तर लक्ष तिकडंच जाणार.

निपाणीचा वडापवाला
शेजारी बसलेल्याला पुढचा रस्ता दिसतो सर. समोर म्हैस आली की तो गप्प बसतो. फोनवरच्याला म्हैस दिसत नाही.

टिळकवाडीकर
हे बरोबर आहे. मान्य.

ऊसवाला, चिक्कोडी
ती रिफ्लेक्टरची पट्टी निपाणीत कुठं मिळते? मीटरवर देतात का? माझ्या दोन ट्रॉल्या आणि भावकीच्या तीन आहेत.

निपाणीचा वडापवाला
उद्या सकाळी सहाला अड्ड्यावर ये, खेप लावायच्या आधी. दुकान दाखवतो. ट्रॉलीची पाठ धुऊन, पुसून आण, चिखलावर चिकटत नाही. आणि लाल पट्टी मागं लावायची. मागच्या वर्षी एकानं पांढरी लावली होती, लांबून वाटायचं समोरूनच गाडी येतेय.