थाळी नव्हे, किरकोळ खाणंच महाग

मनोरंजन पार्कच्या सहलीत खाण्याचा खर्च किती धरावा, यावर एकाने 'माणशी पाचशे जेवणाला धरा, बास' असं लिहिलंय. जेवणापुरतं ठीक, पण पार्कात पैसा जेवणावर जातच नाही. आम्ही चौघं म्हापशाहून रात्रीच्या बसने खोपोलीकडच्या पार्कात गेलो होतो. फाटकावरच शंकरपाळ्यांचा डबा काढून ठेवायला लावला (दोन दिवस खपून केलेले, बायको अजून ऐकवते). दुपारी चार थाळ्या घेतल्या. पोरं राइडवरून गरगरून आलेली, दोन घास चिवडून उठली आणि चार वाजता 'भूक लागली' सुरू. कणीस, आईस्क्रीम, सरबत, पाण्याच्या बाटल्या... हे सगळं थाळ्यांपेक्षा वर गेलं. आता दोनच थाळ्या घेतो आणि उरलेले पैसे चारच्या भुकेसाठी वेगळे ठेवतो.

आणखी एक, कुणी लिहिलं नाही म्हणून. फलकावरच्या दरावर 5 टक्के जीएसटी वेगळा लागू शकतो, तो भरावाच लागतो. पण बिलात 'सर्व्हिस चार्ज' दिसला तर तो ऐच्छिक असतो. 2022 च्या केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाच्या सूचनांप्रमाणे तो आपोआप लावता येत नाही. मी काढा म्हटलं, काउंटरवरच्या पोराने तोंड वाकडं केलं, पण काढला.