ताटात उष्टं राहतं, दोष कुणाचा: पोरांचा की मेसचा?

खोली २१४
पुण्यात इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे, होस्टेलवर राहते. परवा रात्री साडेनऊला मेसच्या मागच्या दाराशी गेले होते. उष्ट्याची दोन निळी पिंपं काठोकाठ भरलेली. वर एकेक घास तोडून टाकलेल्या पोळ्या, खाली वरण-भाताचा गाळ. पोळ्या लाटणाऱ्या मावशी म्हणाल्या, "पोरी, पहाटे पाचला उठून कणीक मळते गं मी." पुढे बोलल्याच नाहीत.

माझं म्हणणं सरळ आहे. कॅम्पसवर पर्यावरणासाठी काही करायचं असेल तर झाडं लावण्याआधी ताट स्वच्छ करा. आधी एकच पोळी घ्या, लागली तर परत जा. त्याला ना पैसे लागतात, ना प्राचार्यांची सही. हेच उष्टं कचरा डेपोत दबून, हवा न लागता कुजलं की मिथेन होतो. पुण्याच्या कचऱ्यापायी उरुळी देवाची आणि फुरसुंगीच्या लोकांच्या विहिरी नासल्या, त्यांनी वर्षानुवर्षं आंदोलनं केली. त्या कचऱ्यात आपल्या ताटातलंही होतं.

सिव्हिलवाला
मावशींचं वाचून वाईट वाटलं. पण दोष तू चुकीच्या गळ्यात घालतेयस. दुपारची सुट्टी पाऊण तासाची, त्यातली वीस मिनिटं रांगेत जातात. दुसऱ्यांदा रांगेत कोण उभं राहणार? म्हणून पोरं एकदमच चार पोळ्या उचलतात. आणि आमच्याकडची पोळी मध्ये कच्ची, कडेला करपलेली. ती टाकणाऱ्याला माज आलाय असं मी म्हणणार नाही.

आता कायद्याचं. २०१६ पासूनच्या घनकचरा नियमांत दिवसाला १०० किलोंहून जास्त कचरा करणारी संस्था मोठी कचरा उत्पादक धरली आहे आणि ओला कचरा शक्यतो आवारातच जिरवण्याची जबाबदारी तिच्यावर आहे. खत करा, बायोगॅस करा. आपल्या कॉलेजात खताचा खड्डा कुठे आहे, दाखव मला. पोरांसाठी 'अन्न वाया घालवू नका' असा फलक मात्र प्रत्येक खांबावर आहे.

लातूरकर
दादा, तुमचा नियम बरोबर आहे. पण खड्डा होईपर्यंत आपण काय करायचं?

२०१६ ला लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आलं तेव्हा मी चौथीत होतो. आई भाजी धुतलेलं पाणी भांड्यांना आणि भांड्यांचं झाडाला घालायची. इथे आलो तर आमच्या मजल्यावरच्या आरओची (पाणी शुद्ध करायच्या यंत्राची) बारीक नळी थेट मोरीत सोडलेली, चोवीस तास पाणी चाललंय. आरओ जेवढं पाणी गाळून देतो, त्याहून जास्त बऱ्याचदा बाहेर टाकतो. आम्ही चौघांनी वर्गणी काढून एक ड्रम आणला आणि नळी त्यात सोडली. आता फरशी पुसायला आणि संडासात टाकायला तेच पाणी वापरतो. कुणाची वाट पाहिली नाही.

मेकॅनिकल शेवटचं वर्ष
ड्रमचं काम चांगलंच आहे. तरी मी सिव्हिलवाल्याच्या बाजूने. साधा पंखा ७५ वॅटचा, तेरा-चौदा तास चालला की एक युनिट. मी तो न विसरता बंद करतो. पण ३० वॅटच्या आसपास चालणारे बीएलडीसी, म्हणजे कमी वीज खाणाऱ्या मोटरचे पंखे बाजारात असताना कॉलेज पुन्हा जुनेच पंखे विकत घेतं. तो निर्णय माझ्या बटणापेक्षा मोठा आहे आणि त्याबद्दल आम्हाला कुणी विचारत नाही.

घडीची पोळी
मुलींच्या होस्टेलचं कुणीच बोलत नाही म्हणून लिहिते. सॅनिटरी पॅड कॅरीबॅगमध्ये कोंबून सुक्या कचऱ्यात टाकलं जातं आणि ते कचरावेचक ताई हाताने वेगळं करतात. पुण्यात 'स्वच्छ' संस्थेच्या ताईंनी लाल ठिपक्याची मोहीम चालवली: पॅड कागदात गुंडाळा, वर लाल ठिपका काढा. एक मार्कर आणि जुनं वर्तमानपत्र पुरतं. यात संस्थेचा दोष शोधत बसायला मला वेळ नाही, कारण हात त्या ताईंचे आहेत.

खोली २१४
सिव्हिलवाला, रांगेचं तुझं खरं आहे, ते माझ्या लक्षात आलं नव्हतं. पोळीसाठी वेगळी खिडकी मागू या. पण रात्री रांग नसते, तरी पिंपं भरतात. त्याचं काय?

सिव्हिलवाला
रात्रीचं मान्य, मीही टाकतो कधीकधी. वजनकाटा घेऊन येतो, आठवडाभर पिंपं मोजू. पण अर्ज मी लिहिणार. त्यात आकडे असतील, घनकचऱ्याचा नियम असेल आणि कच्च्या पोळीचा फोटोही. तो मी अर्जातून वगळणार नाही.